नामानाच्या घरातील मुलगी आणि आपण

शास्त्रवाचन : २ राजे ५:१-१४, गणना १२:९-१५, योहान ९:१-३



नामानाचा वृत्तांत आपणांपैकी बहुतेकांनी शब्बाथ शाळेच्या वर्गातच ऐकलेला असतो. व्यासपीठावरून त्यावर उपदेश होतो तेव्हा अलीशा संदेष्टा, यार्देन नदी आणि सेनापतीचा गर्व यांविषयी विस्ताराने सांगितले जाते. दुसऱ्या व तिसऱ्या वचनांत येऊन जाणाऱ्या मुलीची बोळवण मात्र एखाद्या वाक्यात होते. तिचे नावही शास्त्रलेखकाने दिलेले नाही. अरामी टोळ्यांनी इस्राएल देशातून धरून नेलेली, परक्याच्या घरी नामानाच्या पत्नीची चाकरी करणारी ती एक लहान मुलगी. तरी त्या अध्यायात पुढे जे घडते त्याचा आरंभ तिच्याच बोलण्यात आहे. ती बोलली नसती तर नामान दिमिष्कातच राहिला असता.

एचआयव्ही व एड्स या विषयाकडे आज आपण तिच्या जागी उभे राहून पाहू या. संदेष्ट्याची जागा आपली नव्हे. वैद्याचे काम वैद्य करतील. पण एका माणसाचे दुःख ओळखून, उपाय कोठे मिळतो ते नेमके सांगणे आपणांपैकी कोणालाही शक्य आहे.

तिने काय केले ते बारकाईने पाहा. शोमरोनात संदेष्टा आहे ही माहिती तिच्यापाशी होती. ती तिने चाकरांच्या घोळक्यात किंवा पाणवठ्यावर सांगितली नाही; आपल्या धनिणीला सांगितली, म्हणजे ज्या व्यक्तीला त्या माहितीचा उपयोग होता तिलाच. आणि हा रोग धन्याला कशामुळे झाला, असा प्रश्न तिने विचारला नाही. वास्तविक तो विचारण्यास तिच्याइतके कारण दुसऱ्या कोणालाच नव्हते. ज्या सैन्याचा नामान सेनापती होता त्याच राष्ट्राच्या टोळीने तिला आईबापांपासून तोडले होते. देवाने याला चांगली अद्दल घडवली, असे ती म्हणाली असती तर तिला दोष कोण देणार?

शब्दांचे ओझे

नामानाच्या रोगाला मूळ इब्री भाषेत 'साराअत' असा शब्द आहे. हा शब्द भाषांतरकाराला फार कष्टवतो. लेवीय १३ व १४ या अध्यायांत साराअत माणसाच्या कातडीवर दिसते, तशीच ती लोकरीच्या वस्त्रावर आणि घराच्या भिंतीवरही दिसते. भिंतीला कुष्ठरोग होत नाही. तेव्हा आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो, ज्याचा जंतू हानसेन या नॉर्वेच्या वैद्याने १८७३ साली शोधला, तोच रोग त्या अध्यायांत अभिप्रेत आहे असे म्हणता येत नाही. ग्रीक भाषांतरकारांनी 'लेप्रा' हा शब्द योजिला आणि पुढे तोच युरोपच्या भाषांतून रुळला. मराठीत कोड, कुष्ठ, महारोग असे शब्द येत गेले. यांपैकी कोड म्हणजे तर केवळ त्वचेचा रंग जाणे. ते कोणापासून कोणाला होत नाही. तरीही कोड असलेल्या मुलींची लग्ने मोडली, आणि कुष्ठरोग्यांच्या वस्त्या गावाबाहेर गेल्या. शास्त्रातील 'अशुद्ध' हा शब्द त्यांच्या कपाळी कायमचा लिहिला गेला. सारा दोष भाषांतराचा होता असे मी म्हणत नाही. पण दर रविवारी मंडळीपुढे मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या शब्दाचे वजन किती होते, हे यावरून कळते. एका शब्दासाठी आमच्या सभेत दोन-दोन दिवस वाद चालतो तेव्हा बाहेरच्या मंडळींना तो काळाचा अपव्यय वाटतो. मला तसे कधी वाटले नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत हेच आपल्या डोळ्यांदेखत घडले. आरंभीच्या काळात भित्तिपत्रकांवर कवटी आणि हाडे रंगवलेली असत. तमिळ भाषेत या रोगाला 'उयिर्कोल्ली नोय्', म्हणजे प्राण घेणारा रोग, असे म्हणण्याची रीत पडली. मराठीत 'एड्सग्रस्त' हा शब्द आला. ग्रहणाने किंवा दुष्काळाने ग्रासल्याप्रमाणे तो माणसाला ग्रासून टाकतो. त्याहून सोज्वळ दिसणारा, पण माझ्या मते अधिक घातक शब्दप्रयोग म्हणजे 'निष्पाप बळी'. पतीकडून लागण झालेली पत्नी आणि जन्मतःच लागण झालेले बालक यांच्याविषयी आपण तो सहानुभूतीने वापरतो. परंतु काहींना निष्पाप म्हटले की उरलेले आपोआप अपराधी ठरतात, आणि मग त्या बालकाचा बाप दवाखान्याची पायरी चढत नाही. 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' असे म्हणणे मराठीच्या कानाला जरा लांबलचक वाटते, हे मान्य आहे. तरी त्यात 'जगणारी' हा शब्द आहे, आणि आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने तोच खरा आहे.

तंजावर आणि मद्रास

हा पाठ मी तंजावर येथे लिहीत आहे. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. व्यंकोजी राजांपासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर त्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आजही वाचता येतो. शिवगंगा तलावाजवळील चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून सरफोजी राजांनी ते करवून घेतले. १७९८ साली मरणशय्येवर असलेले जर्मन मिशनरी श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हातात धरून उभा असलेला तरुण सरफोजी, असे ते दृश्य आहे. राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही आणि मिशनऱ्याने त्याच्यावरील माया कमी केली नाही. आजाऱ्याचा हात धरलेली ही प्रतिमा दोनशे वर्षांहून अधिक काळ मंडळीच्या डोळ्यांपुढे आहे.

पुढे याच सरफोजींनी धन्वंतरी महाल ही वैद्यकशाळा चालविली. तेथे उपचार झालेल्या नेत्ररोग्यांची टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. एकेका रोग्याची हकीकत लिहिलेली, आणि सोबत त्या डोळ्याचे रंगीत चित्र काढलेले. ज्या रोग्याचा डोळा इतक्या निगुतीने रेखाटला जातो, तो 'असल्या लोकांपैकी एक' राहत नाही.

असेच एकेका माणसाकडे पाहणे तमिळनाडूच्या राजधानीत, तेव्हाच्या मद्रासेत, १९८६ साली घडले आणि त्यातून भारतातील एचआयव्ही प्रथम उजेडात आला. त्या काळी हा रोग परदेशातील आहे, आपल्या संस्कारी देशात तो येणार नाही, असे मोठमोठे लोक म्हणत. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजंतुशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांना तसे वाटले नाही. त्या मूळच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबात जन्मलेल्या आणि डॉ. व्हिक्टर सॉलोमन या ख्रिस्ती हृदयशल्यविशारदांशी विवाह झालेल्या. त्यांनी सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हाच विषय सुचविला. निर्मला यांना या विषयाची पूर्वमाहिती नव्हती आणि हातमोजेसुद्धा उपलब्ध नव्हते. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांना त्या सरकारी सुधारगृहात जाऊन भेटल्या, त्यांच्याशी बोलल्या आणि रक्ताचे नमुने घेतले. तपासणीची सोय होईपर्यंत ते नमुने त्यांच्या घरच्या शीतकपाटात राहिले. मग ते वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात नेण्यात आले, आणि त्यांतील सहा नमुन्यांत विषाणूच्या खुणा आढळल्या. अमेरिकेत झालेल्या फेरतपासणीतही तोच निष्कर्ष निघाला.

या कथेचा दुसरा भाग तितकासा सांगितला जात नाही. लागण आढळलेल्या अनेक स्त्रियांना सुधारगृहातील मुदत संपल्यावरही कोंडून ठेवण्यात आले. मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर १९९० साली त्यांची सुटका झाली. ज्यांच्या रक्तामुळे देश सावध झाला त्यांनाच देशाने कुलूप लावले.

डॉ. सॉलोमन यांनी पुढे १९९३ मध्ये आपल्या वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र स्थापन केले. लोक येथे आपल्या इच्छेने येऊन तपासणी करून घेत आणि कोणीतरी शांतपणे त्यांचे ऐकून घेई. लागण असलेल्या तरुण-तरुणींची लग्नेही त्या जुळवीत असत. शिक्षण, स्वभाव, जातपात यांबरोबरच दोघांच्या रक्ताचे अहवालही पाहिले जात. २०१५ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले, आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

आज काय ज्ञात आहे

आता थोडे वैद्यकाकडे वळू. हा भाग वाचकांनी घाईने ओलांडू नये, कारण नामानाच्या घरातील मुलीपाशी जी गोष्ट होती ती म्हणजे अचूक माहिती.

एचआयव्ही हा विषाणू रक्तातील रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. उपचार न मिळाल्यास काही वर्षांनी प्रतिकारशक्ती इतकी खालावते की क्षयरोगासारखे आजार शरीरात सहज शिरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे लागण झालेल्या प्रत्येकाला एड्स झालेला असतो असे नव्हे. लागण असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून व सुईतून, आणि उपचार न घेतलेल्या मातेकडून गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून बालकाला होते. हातात हात घेतल्याने, एका ताटात जेवल्याने, डासाच्या दंशाने किंवा एकच शौचालय वापरल्याने ती होत नाही. मंडळीत कुजबुजत विचारला जाणारा एक प्रश्न येथे उघडच घेतो : प्रभुभोजनाच्या समाईक प्याल्यातूनही ती होत नाही. कोणाला प्याल्यापासून दूर ठेवण्यास वैद्यकाचा आधार नाही, आणि शास्त्राचा तर नाहीच नाही.

उपचारांविषयी सांगायचे तर, भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून आठ रुग्णालयांत मोफत औषधे देण्यास आरंभ केला. आज तशी केंद्रे देशभर आहेत. तपासणीत लागण आढळली की प्रकृती ढासळण्याची वाट न पाहता औषधे सुरू करावीत, हे धोरण २०१७ पासून आहे. बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. तिच्यात तीन औषधे एकत्र असतात. ती आयुष्यभर, एकही दिवस न चुकविता घ्यावी लागते. नेमाने घेतल्यास साधारण सहा महिन्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके घटते की तपासणीत ते सापडत नाहीत. असे प्रमाण टिकून राहिले तर त्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हा दिलासा देण्यासाठी बोललेला शब्द नव्हे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांनी औषधे लवकर सुरू केली त्यांच्या जोडीदारांना होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ साली दिसून आले. त्या जोडप्यांत पुण्याची आणि चेन्नईचीही जोडपी होती. मातेच्या बाबतीतही तसेच. औषध नसेल तर अशा शंभर बालकांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बालकांना लागण होऊ शकते; मातेला वेळीच औषध मिळाल्यास हे प्रमाण पाचाच्या खाली येते. दूषित सुई टोचली किंवा बलात्कारासारखा प्रसंग ओढवला, तर ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, रुग्णालय गाठल्यास लागण टाळण्याचे औषध मिळते.

इतके सर्व उपलब्ध असताना २०२३ या वर्षी भारतात या रोगाने सुमारे ३६ हजार माणसे दगावली असावीत आणि हजारोंना नव्याने लागण झाली असावी, असा राष्ट्रीय अंदाज आहे. लागण असलेले लोक देशात सुमारे २५ लाख असून त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. गोळी मोफत आहे, केंद्र जवळ आहे, मग माणसे का मरतात? पुष्कळांची तपासणी फार उशिरा होते. काहींची गोळी मध्येच सुटते. या दोन्हींच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट सापडते : कोणाला कळेल ही भीती. आपल्या जिल्ह्याचे केंद्र सोडून शेजारच्या जिल्ह्यात औषधे आणायला जाणारी माणसे सर्वत्र आहेत. बसभाडे वाढते, एक दिवसाची मजुरी बुडते. घरी गोळीची बाटली पिठाच्या डब्यात लपवावी लागते, पाहुणे आले की गोळी चुकते. अशा चुकांतून विषाणू पुन्हा उसळतो आणि कधी औषधालाच दाद देईनासा होतो.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की, आपणांपैकी एखाद्याने तरी असे व्हावे की ज्याच्यापाशी ही गोष्ट बोलता येईल. औषध शासन देते. हे मात्र शासनाला देता येत नाही.

चौसष्ट दिवस आणि सात दिवस

माणूस एकटा पडला आणि काही मोजक्या लोकांनी त्याला सोडले नाही, म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या गोव्यातील आहे. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा ख्रिस्ती तरुण नेमाने रक्तदान करीत असे. त्याने दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला नेले, आणि गोव्याच्या तत्कालीन आरोग्य कायद्यानुसार म्हापसा येथे क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत त्याला ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. त्याने कोणताही अपराध केला नव्हता. त्याची आई न्यायालयात गेली. त्याचे गावकरी आणि मित्र रस्त्यावर आले. पणजीत शिकविणाऱ्या नाटककार इझाबेल द सांता रिता वाझ आणि त्यांच्या नाटकमंडळीत तो काम करीत असे. त्या मंडळीचे नाव 'मस्टर्ड सीड', म्हणजे मोहरीचा दाणा. हे लोक त्याला भेटत राहिले, त्याच्या बाजूने बोलत राहिले. तो सुटला, पण त्याची नोकरी गेली. उच्च न्यायालयाने पुढे तो कायदाही उचलून धरला. तरीही १९९२ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, त्याने या मित्रांसह 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. लागण झालेल्यांना आधार देणाऱ्या देशातील अगदी पहिल्या संस्थांपैकी ती एक होय.

आता गणना १२ उघडा. मिर्यामेला साराअत झाली आणि तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवण्यात आले. हे आपल्या लक्षात असते. पंधराव्या वचनाचा उत्तरार्ध मात्र बहुधा निसटतो. ती परत आत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलविला नाही. वचनदत्त देशाकडे निघालेले अख्खे राष्ट्र एका आजारी स्त्रीसाठी सात दिवस थांबले. मूळ भाषेतील वाक्यही साधेच आहे. त्यात कोणाचे कौतुक नाही. लोक थांबले, एवढेच. तिचे नाव छावणीत चघळले गेले की नाही ते शास्त्र सांगत नाही. तिला मागे टाकून कोणी गेले नाही हे मात्र सांगते.

येथे काही सुज्ञ वाचक हरकत घेतील. मिर्यामेला तो रोग शिक्षा म्हणूनच झाला होता. गेहजीलाही २ राजे ५ च्या शेवटी तसाच झाला. मग रोग आणि पाप यांचा संबंध शास्त्रातच नाही काय? हरकत योग्य आहे आणि ती टाळू नये. त्या दोन प्रसंगांत संबंध आहे, आणि तो प्रत्यक्ष देवाने अथवा त्याच्या संदेष्ट्याने सांगितला आहे. पण त्याच अध्यायात नामानाच्या रोगाचे कोणतेही कारण दिलेले नाही. योहान ९ मध्ये तर शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून कोणाचे पाप असे विचारतात, तेव्हा प्रभू त्या प्रश्नाचीच वाट बंद करतो. त्या माणसाचे किंवा त्याच्या आईबापांचे नाव तो त्यात येऊ देत नाही, आणि थुंकीने माती कालवून कामाला लागतो. रोगावरून मागे पापाकडे जाण्याची परवानगी आपणांस दिलेली नाही. वैवाहिक निष्ठेविषयी मंडळीने अवश्य शिकवावे. मात्र ज्याच्या हातात आजच तपासणीचा कागद पडला आहे, त्याच्यापुढे तो पाठ उघडू नये.

आपल्या मंडळीत

आता व्यवहाराचे बोलू, आणि आपल्याच घरापासून आरंभ करू. प्रार्थनासभेत आपण एकमेकांसाठी विनंत्या मांडतो. ही आपली सुंदर रीत आहे. पण याच रीतीने किती गुपिते गावभर गेली आहेत, याचा विचार व्हावा. 'अमुक बंधूसाठी प्रार्थना करा, त्यांना तो मोठा आजार आहे, अधिक सांगत नाही,' असे म्हटले की सर्व सांगून झालेले असते. कोणी विश्वासाने आपणांस सांगितले, तर त्याच्या परवानगीवाचून ते पाळकांनाही, आणि आपल्या पत्नीला किंवा पतीलाही सांगू नये. प्रार्थना खोलीचे दार लावून होते. तशी आज्ञाच आहे. कायदाही हेच म्हणतो. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीवाचून कोणाची तपासणी करता येत नाही, संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करता येत नाही, आणि नोकरी, शाळा, दवाखाना किंवा भाड्याचे घर या कारणावरून नाकारता येत नाही. आपल्या शाळा, वसतिगृहे आणि रुग्णालये यांच्या विश्वस्तांनी हा कायदा एकदा वाचून पाहावा.

दुसरी गोष्ट आरोग्यदानाच्या सभांविषयी. देव बरे करतो, हा आपला विश्वास आहे. पण व्यासपीठावरून कोणी 'आता गोळ्या सोडा' असे सांगू लागला तर त्याला तेथेच थांबवावे. अलीशानेही नामानाला सात वेळा बुडी मारण्यास सांगितले होते आणि सेनापती सहाव्या वेळेस वर येऊन थांबला नाही. तेथेही त्याला समजावले कोणी? त्याच्या चाकरांनी. साधा उपाय सांगितला म्हणून तो रागावून निघाला असता, त्यांनी त्याला 'बापा' म्हणून हाक मारली आणि नदीपर्यंत आणले. मुलीने वाट सांगितली, चाकर सोबत गेले. आज सोबत जाणे म्हणजे काय? केंद्रात पहिल्या दिवशी रांगेत शेजारी बसणे, बसभाड्याचे पैसे न मागता देणे, ठरल्या वेळी फोन करून केवळ 'जेवण झाले का?' एवढे विचारणे. गोळीची आठवण त्यातच होते. खोकला कितीही दिवसांचा असला तरी क्षयाची तपासणी करवून घेणे. पत्नीला अद्याप सांगितलेले नसेल तर समुपदेशकाकडे दोघांना नेण्यासाठी धीर देणे, कारण तिलाही तपासणीचा व उपचाराचा हक्क आहे. आणि कोणी निधन पावल्यास इतरांप्रमाणेच त्याच्या देहाला स्नान घालणे व खांदा देणे. रक्त असेल तेथे हातमोजे घालावेत, एवढी दक्षता पुरेशी आहे.

विवाहापूर्वी वधूवरांनी एचआयव्हीची तपासणी करावी काय, असे अनेक पाळक विचारतात. दोघांनी समजून, स्वेच्छेने, समुपदेशकाला भेटून केली तर उत्तमच. त्याचा कागद मंडळीच्या कार्यालयात मागवून फायलीत लावू नये. तो कागद त्या दोघांचा आहे.

तपासणी कोठे होते हे पुष्कळांना माहीत नसते. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत, आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत, 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' असते. तेथे तपासणी मोफत होते, अहवाल गुप्त राहतो, आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशक बोलतो. नुकताच धोका घडून गेला असेल तर पहिला अहवाल निर्दोष आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, कारण आरंभी काही आठवडे चाचणीत लागण दिसत नाही. १०९७ हा राष्ट्रीय एड्स दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे. हिंदी व इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषांतही माहिती मिळते, आणि फोन करणाऱ्याला नाव सांगावे लागत नाही.

पुढील अभ्यासवर्गापूर्वी प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील केंद्र कोणत्या रुग्णालयात, कोणत्या खोलीत, कोणत्या वारी व वेळी उघडे असते हे स्वतः जाऊन पाहून यावे. मग तो पत्ता, वेळ आणि १०९७ हा क्रमांक एका कागदावर ठळक लिहून मंडळीच्या सूचनाफलकावर, उपासनेच्या वेळा आणि विवाहाच्या जाहिराती लागतात तेथेच, लावावा. फलक दाराजवळ असेल तर बरे. जाता जाता, कोणाच्या लक्षात न येता वाचता येतो.